चाकांवरची वीज

बंगळूरजवळच्या होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत शिवलीला मगदूम बॅटऱ्या तपासायची. ती निपाणीजवळच्या गावची. वडील मल्लाप्पा पंपांच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचे, त्यामुळे ती तांब्याची तार आणि वॉर्निशचा वास यांतच वाढली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून बंगळूरला आली आणि नऊ वर्षं एकाच कारखान्यात टिकली. सुपरवायझर झाली. घरचे खूश होते.

एका रविवारी ती जुना पंखा विकायला भंगारवाल्याकडे गेली. तिथं पोत्यावर बसून एक बाई मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडत होती. आतला एकेक सेल काढून त्याला छोटा बल्ब लावायची, थोडा वेळ बघायची आणि दोनपैकी एका डब्यात टाकायची.

"अहो, पेट घेईल ते! हात भाजतील," शिवलीला हिंदीत ओरडली.

बाईनं मान वर केली. "ज्याचा बल्ब लगेच मंद होतो तो वाईट. टिकतो तो मी घरी नेते."

शिवलीलेनं चांगल्या डब्यातले वीस सेल मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मशीनवर लावले. अठरा ठीक निघाले.

पुढच्या रविवारी ती मुद्दाम परत गेली. बाईचं नाव मिनारा. म्यानमारमधून जीव वाचवून, दोन मुलींना घेऊन आलेली. भंगार निवडून पोट भरणाऱ्या साठ-पासष्ट निर्वासित कुटुंबांची वस्ती जवळच भाड्याच्या मोकळ्या जागेवर होती. पत्रे, बांबू, ताडपत्री. जमीन दुसऱ्याची, कागदपत्रं अपुरी, म्हणून विजेचं मीटर मिळत नव्हतं. लोक मेणबत्त्या लावायचे. आदल्या वर्षी एका मेणबत्तीनं तीन झोपड्या जळाल्या होत्या.

शिवलीलेनं हे कारखान्यातल्या वीणाला सांगितलं. वीणा खरेदी विभागात होती. तिचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात राहिलेलं, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं.

"अक्का, सोलर बसवूया की छपरावर. सोप्पं आहे," वीणा म्हणाली.

दोघी पॅनेलचा नकाशा घेऊन वस्तीत गेल्या. मिनारानं तो पाहिला आणि हसली. "छप्पर कुठंय? ही ताडपत्री आहे. आणि मालक कधीही ऊठ म्हणेल. तीनदा उठलोय आम्ही."

शिवलीलेनं नकाशा गुंडाळला. परत येताना रस्त्यात एक ट्रॅक्टर दिसला, मागं ट्रॉली जोडलेली. ती थांबून बघतच राहिली. मग वीणाला म्हणाली, "पॅनेलला चाकं लावायची."

दोघींनी नोकरी सोडली. पहिली ट्रॉली बनवायला पाच महिने लागले. वर दुमडता येणारी पॅनेल, खाली चार्जिंगचे कप्पे. सकाळी प्रत्येक घरानं भंगारातल्या चांगल्या सेलची, जेवणाच्या डब्याएवढी बॅटरीची पेटी कप्प्यात ठेवायची, संध्याकाळी भरलेली घेऊन जायची. तीन दिवे, एक छोटा पंखा आणि मोबाइल त्यावर चालत. आठवड्याचं भाडं मेणबत्त्यांच्या खर्चाहून कमी. पेट्यांची देखभाल मिनारा पाहू लागली.

एक ट्रॉली दोघींच्या बचतीतून झाली. पुढच्यासाठी त्या शहरातल्या एका गुंतवणूक संस्थेकडे गेल्या. ही संस्था नफ्याबरोबर लोकांच्या आयुष्यात काय फरक पडला हेही मोजायची. तिथल्या निधी नावाच्या अधिकारी बाईनं वस्तीत येऊन सगळं पाहिलं, दोन पेट्या उघडूनही पाहिल्या.

"काम पक्कं आहे," ती म्हणाली. "पण आमच्या समितीला गिऱ्हाइकांची भीती वाटते. उद्या ही माणसं निघून गेली तर? हीच ट्रॉली खेड्यांत चालवा, पैसे लगेच देतो."

"खेड्यांत खांबावरून तारा गेल्यात. तिथं माझी गरज नाही," शिवलीला म्हणाली. "माणसं निघाली तर गाडीही निघेल. ती त्यासाठीच बनवलीय. हे पटत नसेल तर राहू दे, मॅडम."

बाहेर आल्यावर वीणा म्हणाली, "अक्का, स्वल्प गोड बोलली असतीस तर?"

"खोटं बोलावं लागलं असतं."

संस्थेकडून दीड महिना काहीच कळलं नाही. मग जमीनमालकानं वस्तीला आठ दिवसांत जागा रिकामी करायला सांगितलं. नवी जागा अकरा किलोमीटरवर, आनेकलच्या वाटेला मिळाली. शिवलीलेनं स्वतःच निधीला फोन केला. "तुमच्या समितीचा प्रश्न शनिवारी सुटणार आहे. बघायला या."

शनिवारी सकाळी झोपड्या उतरल्या. पाच कुटुंबं दुसऱ्या शहरात नातेवाइकांकडे चालली होती. बस धरण्याआधी त्यांनी आपापल्या पेट्या मिनाराकडे आणून दिल्या. चार स्वच्छ पुसलेल्या होत्या, पाचवीची वायर तुटली होती. एकूण चौसष्ट पेट्यांपैकी एकच हरवली, ती सापडलीच नाही.

टेम्पोमागं ट्रॉली निघाली. नव्या जागेच्या तोंडाशीच तिचं चाक चिखलात रुतलं. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. मिनारानं हाक मारली, तशा पंधरा-वीस बायका धावल्या. वीणानं चपला काढून बाजूला ठेवल्या, निधीनंही बूट काढले. चौथ्या रेट्याला ट्रॉली बाहेर आली.

दुपारी पॅनेल उघडली. शिवलीला उन्हाचा कोन मोजायला निघाली, तर मिनारानं सावली बघून पॅनेलचं तोंड आधीच फिरवून ठेवलं होतं. पाच वाजेपर्यंत पेट्या बऱ्यापैकी भरल्या. झोपड्या उभ्या व्हायच्या होत्या, नुसते बांबू रोवलेले होते. लोकांनी बांबूंनाच दिवे टांगले आणि त्या उजेडात ताडपत्र्या बांधायला घेतल्या. चुली पेटल्या, पोरी दिव्याखाली पुस्तकं काढून बसल्या.

निधीनं चिखल पुसून बूट घातले. जाताना फक्त म्हणाली, "अहवालात हेच लिहिते."

महिन्याभरात संस्थेनं गुंतवणूक केली, तीही निर्वासितांच्याच वस्त्यांसाठी. आज नऊ ट्रॉल्या फिरतात. होसकोटेच्या कार्यशाळेत सात बायका पेट्या जोडतात आणि त्यांना सेल पारखायला मिनारानं शिकवलंय. संस्थेला ठरलेला परतावा वेळेवर जातो. वीणा आता गोड बोलायचं काम एकटी सांभाळते, आणि ते तिला छान जमतं.

गेल्या महिन्यात मिनारानं नवी तक्रार आणली. "या पेटीवर शिलाईचं मशीन चालत नाही. अकरा बायकांना शिवायचंय."

"किती वॉटची मोटार आहे?" शिवलीलेनं विचारलं.

मिनारानं आकडा लिहून आणला होता. शिवलीलेनं कागद टेबलावर पसरला, पेन्सिल घेतली आणि मोठ्या पेटीचं चित्र काढायला सुरुवात केली.