उजव्या बाजूचा पंप

हिचं हृदय थकत चाललंय, हे आम्हाला बरेच दिवस माहीत होतं. लंडनजवळच्या रीडिंग गावातल्या आमच्या घरात जिना चढताना ही मध्येच पायरीवर बसायची. गोळ्यांनी भागेना, तेव्हा लंडनच्या हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या डाव्या बाजूला पंप बसवायचं ठरलं. दुसऱ्या कुणाचं हृदय मिळेपर्यंतची ती सोय होती.

ऑपरेशन झालं, पंप चालू झाला आणि उजव्या बाजूने मान टाकली. सर्जनने मला एका लहानशा खोलीत बसवून समजावलं. डावा पंप रक्त पुढे ढकलायला तयार आहे, पण फुप्फुसांतून त्याच्यापर्यंत रक्त पोचवायचं काम उजव्या बाजूचं, आणि ते तिला झेपत नाहीये. म्हणून त्यांनी उजवीकडेही तात्पुरता पंप लावला होता. तो शरीराबाहेर, पलंगाशेजारी होता. चादरीखालून दोन जाड नळ्या त्याच्याकडे जायच्या. चुकून एकीला माझा हात लागला. ती कोमट होती.

काही दिवसांनी ही शुद्धीवर आली, घशातली नळी निघाली. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला मी भेटायला नेलं. ती बराच वेळ मशीनकडे बघत राहिली.

"बाबा, आईची पंप खूप आवाज करते."

"आईचा पंप," ही कुजबुजली. "आवाज करतो."

मी हसलो, आणि मग मला बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभं राहावं लागलं.

उजवी बाजू आता स्वतःहून काम करते का ते बघायला डॉक्टरांनी उजवा पंप हळूहळू कमी करून पाहिला. ही माझा हात धरून छताकडे बघत होती. "जमतंय का रे?" तिने विचारलं. थोडा वेळ जमलं. मग रक्तदाब कोसळला आणि पंप पुन्हा वाढवावा लागला.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "परत नाही जमलं, तर मला असंच ठेवू नकोस."

"काहीतरीच बोलू नकोस."

"ऐक ना. तिची वेणी फार घट्ट घालतोस तू. तिला दुखतं, पण ती सांगत नाही."

पुढच्या आठवड्यात इन्फेक्शन झालं. पुन्हा व्हेंटिलेटर आला, किडन्या गेल्या, आणि नवं हृदय मिळालं असतं तरी ते बसवण्यासारखी तिची अवस्था राहिली नाही. सर्जनने पुन्हा त्याच खोलीत बोलावलं. या वेळी तो समजावत नव्हता, विचारत होता. मी हो म्हणालो.

दुपारी त्यांनी आधी अलार्म बंद केले, मग उजवा पंप. डावा चालूच होता, पण त्याच्याकडे रक्त पोचेना. मुलीने आईच्या केसांवरून हात फिरवला. फार वेळ लागला नाही.

पॅडिंग्टनहून आम्ही ट्रेनने परतलो. आजूबाजूला ऑफिसातून घरी निघालेली माणसं पेपर वाचत होती. घरी पोचल्यावर मी पुण्याला सासूबाईंना फोन लावला. मी "आई" एवढंच म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "पोरीनं काही खाल्लंय का?"

नव्हतं खाल्लं. फोन तसाच कानाशी धरून मी फ्रिज उघडला.