माझं खातं, जावयाचा मोबाईल

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, तू घरातल्या माणसाची तक्रार का केलीस?" हा प्रश्न तुमचा नव्हता. तो तुमच्या तोंडी कोणी घातला ते मला माहीत आहे. तुमच्या चुलत आत्याचा नवरा, म्हणजे माझ्या दिरांचा जावई. त्याने तुम्हाला एवढ्या लांब फोन करून सांगितलं की आजीचं वय झालं, तिला शेअरमधलं काही कळत नाही, तुम्हीच तिला समजवा. तुमच्यातल्या मोठ्याला आता अठरा पूर्ण झाली, तर त्याचं डिमॅट खातंही मीच उघडून देतो, असंही तो म्हणाला. तो माझ्यापुरता थांबला असता तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. तो तुमच्यापर्यंत पोचला, म्हणून लिहिते आहे.

मला शेअरमधलं कळतं. नागपूरला मी इंग्रजी माध्यमात शिकले, यवतमाळच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. आमच्या गल्लीतले लोक बँकेचे, विम्याचे, पेन्शनचे अर्ज घेऊन माझ्याकडे यायचे. मी एकेक ओळ वाचून अर्थ सांगायचे आणि मगच सही करू द्यायचे. त्याच बाईने स्वतःच्या अर्जावर न वाचता सह्या केल्या. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण तो ते तुम्हाला सांगणारच आहे.

तुमचे आजोबा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळत. दिवाळीचा बोनस आला की ते एखाद्या कंपनीच्या शेअरसाठी अर्ज भरत. पाच अर्ज केले तर एखाद्याला शेअर मिळत. शेअर म्हणजे कंपनीचा एक बारीकसा तुकडा. कंपनी कमावते, त्यातलं थोडं दरवर्षी वाटते. त्याला लाभांश म्हणतात. आजोबांचे तुकडे तीन कंपन्यांचे होते. एक सिमेंटची, एक रंगांची, एक औषधांची. ते विकायचे नाहीत, हा त्यांचा एकमेव नियम. त्यांच्या मागे लाभांशावर माझी औषधं आणि घराचा कर भागत होता, आणि उरलेले शेअर तुम्हा दोघांना जायचे होते. एवढीच माझी योजना. तिच्यात कोणाच्या हुशारीची गरज नव्हती.

तेव्हा शेअर कागदावर असत, जाड कागदाची प्रमाणपत्रं. पुढे नियम आला की कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाहीत, आधी ते डिमॅट खात्यात टाका. डिमॅट खातं म्हणजे शेअर ठेवायची जागा, जसं पैशासाठी बँकेचं खातं. शेअरची खरेदी-विक्री करायला दलालाकडे दुसरं खातं लागतं, ट्रेडिंगचं. लोक ही दोन एकच समजतात. मला फक्त पहिलं हवं होतं. मला काही विकायचंच नव्हतं.

दिरांचा जावई एका दलाली कंपनीचा यवतमाळातला प्रतिनिधी. काचेचं दार, एसी, भिंतीवर आकडे धावणारा टीव्ही. तो म्हणाला, "काकू, घरचा माणूस असताना तुम्ही कायले चकरा मारता? मी अर्ज घरी घेऊन येतो."

तो धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, वाण देतात, त्याला विष्णू मानून पाटावर बसवतात. तुमच्या बाबांनी हे तुम्हाला सांगितलं नसेल. दिरांचं घर माझ्या घराला लागूनच आहे. पंगत त्यांच्याकडे, अनारसे मी केलेले. जावई पाटावर बसला आणि पान वाढायच्या आधी त्याने बॅगेतून माझे अर्ज काढले. वीस-बावीस पानं, बारीक इंग्रजी अक्षर, सह्यांच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या. मी चष्मा लावला आणि पहिलं पान वाचायला घेतलं.

माझी जाऊ स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाई, जवाईबापू पाटावर ताटकळले नं! परीक्षेचा पेपर हाय का वो तो?"

"वाचू द्या, वाचू द्या," तो हसत म्हणाला. "काकू लायब्ररीवाल्या. मी उपाशी उठलो तरी चालते."

सगळे हसले. दीर म्हणाले, "वहिनी, जवायावर भरोसा नाही का?"

या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं. सणाला पाटावर बसलेल्या जावयासमोर कागद तपासणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. मी चष्मा काढला आणि फुलीला फुली गाठत सह्या केल्या. मध्येच तो म्हणाला, "मोबाईल आणि ईमेल माझाच टाकतो काकू, नाही तर दिवसभर मेसेज येऊन तुमचं डोकं दुखेल." मी मान डोलावली. वर त्याला टॉवेल-टोपी आणि चांदीची वाटी दिली.

मोबाईल नंबरच्या त्या चौकटीत काय असतं ते नीट ऐका. तुमच्या खात्यातून शेअर बाहेर जायचा तर मोबाईलवर एक आकडा येतो, ओटीपी. तो आकडा ज्याच्या हातात, शेअर त्याच्या हातात. खात्यावर नाव माझं होतं, पॅन माझा होता, सही माझी होती. आकडा त्याच्या खिशात जात होता. दर महिन्याचं खात्याचं विवरणही त्याच्याच ईमेलवर. न वाचलेल्या पानांमध्ये ट्रेडिंगचं खातं होतं, आणि त्यातही ऑप्शनचे सौदे करायची परवानगी होती.

ऑप्शन म्हणजे काय ते दिरांना कापसावरून समजावलं, तसंच तुम्हालाही सांगते. पुढच्या आठवड्यात भाव चढेल या आशेवर तुम्ही इसार देता. चढला तर फायदा. नाही चढला तर ठरल्या दिवशी तो इसार शून्य. कापूस तुमचा कधी नव्हताच. असे सौदे माझ्या नावावर दोन वर्षं चालले होते, आणि बुडालेला इसार माझे शेअर विकून भरला जात होता. प्रत्येक सौद्यावर दलाली पडते आणि दलालीतला वाटा प्रतिनिधीला मिळतो. मी हरले तरी तो कमावत होता.

मला कळलं ते बँकेच्या पासबुकावरून, कारण लाभांश थेट माझ्या बँकेत यायचा आणि ती एवढी वाट त्याने बदलली नव्हती. माझे रंगाच्या कंपनीचे दोनशे चाळीस शेअर. कंपनीने शेअरमागे दहा रुपये जाहीर केले. चोवीसशे यायला हवे होते, नऊशे आले. औषधाच्या कंपनीचं काहीच आलं नाही. मी त्याला फोन केला.

"यंदा कंपन्यांचंच जमून नाही राह्यलं काकू. सगळ्यांले कमी दिले."

मी कंपनीची जाहीर सूचना वाचली होती. एका शेअरला दहा म्हणजे दहा, कोणाला कमी नाही आणि कोणाला जास्त नाही. नऊशेला दहाने भागलं, नव्वद आले. दीडशे शेअर कुठे गेले, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. विचारला असता तर उरलेले नव्वदही संध्याकाळपर्यंत गेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता नेरवरून जाणारी अमरावतीची एसटी धरली. त्या दलाली कंपनीची शाखा तिथे होती.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. मी आधार, पॅन, पासबुक काढून ठेवलं. तिने खातं उघडलं आणि विचारलं, "आजी, शेवटी सदतीस असलेला नंबर तुमचाच नं?"

"नाही."

"मंग कोणाचा हाय?"

"दिरांच्या जावयाचा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "अगं बाई," ती हळूच म्हणाली आणि विवरण छापायला टाकलं. औषधाच्या कंपनीसमोर शून्य. रंगाचे नव्वद. सिमेंटचे तीनशे दहा, सगळे. खाली सौद्यांची यादी पानामागून पान, शेवटी माझ्याच नावावर दलाली कंपनीची थकबाकी.

तिने दोन अर्ज दिले. एक मोबाईल बदलायचा, दुसरा खातं गोठवायचा, म्हणजे त्यातून काही बाहेर जाणार नाही. मी ज्या क्रमाने मिळाले त्या क्रमाने भरले. जन्मभर असंच केलं आहे, वरचा कागद आधी. तिने मोबाईलचा अर्ज घेतला आणि संगणकात टाकला. दुपारचे सव्वादोन वाजले होते. बाजार साडेतीनपर्यंत चालू असतो.

दोन मिनिटांत माझा फोन वाजला. नंबर बदलतो आहे अशी सूचना आधीच्या नंबरवर जाते, आणि बदल पक्का होईपर्यंत ओटीपीही तिकडेच जातो, हे मला ठाऊक नव्हतं.

"काकू, कुठी हाय तुम्ही?"

"अमरावतीला."

"कायले गेल्या? मले सांगतलं असतं तर गाडीनं नेलं असतं. कशावर सही-बिही करू नका, तिथले लोक फसवतात."

मी फोन ठेवला. लगेच दिरांचा आला. ते माझ्याहून लहान, पण घरातले आता तेच पुरुष. त्यांचा फोन मी कधी अर्धवट ठेवलेला नाही. ते म्हणत होते, घरचं भांडण बाहेर न्यायचं नाही, पोरीच्या संसाराचा विचार करा, दादा असते तर त्यांनी असं केलं असतं का. मी "हो, ऐकते आहे" म्हणत होते. दुसरा अर्ज सहीविना समोर पडला होता. मुलगी बोटाने सहीची जागा दाखवत होती. दहा मिनिटं मी ऐकून घेतलं, मोठ्या वहिनीने ऐकावं तसं. मग सही केली.

त्या दहा मिनिटांत त्याने रंगाचे चाळीस शेअर विकले. आलेले पैसे माझ्या थकबाकीत वळते झाले, कारण ती राहिली असती तर कंपनीने त्याच्याकडे मागितली असती. दिरांना हे माहीत होतं का, ते मी विचारलेलं नाही. माहीत नसलं तरी मला फरक पडत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, आधी खातं गोठवा, नंबर नंतर बदला, आणि मधे कोणाचाही फोन घेऊ नका.

संध्याकाळी घरी पोचले तर सगळे दिरांच्या पुढच्या खोलीत बसलेले. जावई खुर्चीत, हातात चहा.

"काकू, मी तुमचं भलंच करून राह्यलो होतो," तो म्हणाला. "नुसते पडून होते शेअर."

"पडून राहिले म्हणूनच वाढले. तुझ्या हाती लागले आणि संपले."

दीर म्हणाले, "वहिनी, बाजार हाय तो. खाली-वर होते. बुडाले तर बुडाले."

"मी बाजारात गेलेच नव्हते. मला न विचारता नेलं."

"जवायाले हिशेब मागतला तुम्ही!" जाऊ रडत म्हणाली. "तेही परक्या गावच्या लोकांसमोर. पोरीनं आता सासरी काय तोंड दाखवाव?"

"तिने तोंड लपवायचं कारण नाही. ज्याने लपवायचं तो इथे चहा पिऊन राह्यला."

जावई उठला. जाताना दारात थांबून म्हणाला, "एवढं इंग्रजी शिकलेल्या, मंग वाचल्याबिगर सही कायले केली?"

त्या संध्याकाळी त्याने विचारलेला तेवढा एक प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तर तो अर्ज घेऊन पाटावर बसला होता.

मी लेखी तक्रार केली. दलाली कंपनी म्हणते, सगळ्या कागदांवर तुमच्या सह्या आहेत. ते खरंच आहे. तक्रार आता वर, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्यांकडे गेली आहे. काही परत मिळेल असं मी धरून चाललेले नाही, तुम्हीही धरू नका. दिरांकडून आता येणं-जाणं नाही. मधल्या फाटकाला त्यांनी त्यांच्या बाजूने कुलूप लावलं, मी माझ्या बाजूने. पुतणी माझा फोन घेत नाही. तिचं मला वाईट वाटतं, पण मी पुन्हा फोन करणार नाही. त्याला मी माफ केलेलं नाही. माफ करायला सांगणाऱ्यांच्या घरचं पाणीही मी पीत नाही. काचेच्या दारामागे टीव्हीवरचे आकडे अजून धावतात आणि गावातल्या बाया अजून त्याच्याकडे अर्ज घेऊन जातात. दोघी-तिघींना मी रस्त्यात अडवून सांगितलं. एक म्हणाली, "आमचाबी लांबचा जवाईच लागते नं वो तो."

तर मोठ्याने त्याच्याकडून खातं उघडायचं नाही. स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या ईमेलवर उघड. प्रत्येक पान वाच, समोरचा उपाशी बसला तरी. महिन्याचं विवरण आलं की शेअर मोज. लाभांश आला की भागाकार कर. धाकटीने हे आत्तापासून शिकावं, तिचं गणित तुझ्याहून बरं आहे.

आज माझ्या खात्यात सिमेंटच्या कंपनीचे तीनशे दहा आणि रंगाच्या कंपनीचे पन्नास शेअर आहेत. वारस म्हणून तुमची दोघांची नावं आहेत, निम्मं-निम्मं.