अब्बांच्या सायकलची कॅसेट

शबानावहिनींचा फोन आला तेव्हा मी बारामतीत घरी दाढी करत होतो. "भाऊ, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. माझा शाळेपासूनचा मित्र रशीद, इंदापुरात टीव्हीदुरुस्तीचं दुकान चालवणारा, झोपेतच गेला होता. सांगायला लाज वाटते, पण मला पहिली आठवली ती एक कॅसेट.

वालचंदनगरला आमच्या क्वार्टरमध्ये वडिलांनी आणलेला संगणक होता. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर साठवायचे. शाळा सुटली की रशीद थेट आमच्याकडे. त्याचे अब्बा शेळगावकडच्या गावांतून सायकलवर बांगड्या विकायचे. रशीदनं पडद्यावर ठिपक्यांची सायकल काढली. मागे बांगड्यांची पेटी, सीटवर टोपी घातलेले अब्बा. ते डावीकडून यायचे, मधे थांबून घंटी वाजवायचे आणि उजवीकडे निघून जायचे. अब्बांनी आमच्या दारात उभं राहून ते पाहिलं आणि इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्याच वर्षी ते वारले. त्यांचा एकही फोटो नव्हता. संगणक आमच्याकडे, म्हणून कॅसेटही माझ्याकडेच राहिली. तिच्या पाठीवरची प्लास्टिकची पट्टी रशीदनं आठवणीनं मोडली होती, म्हणजे वर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये.

कॉलेजात असताना मी त्या मोडलेल्या पट्टीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करता येतं, आणि वर सिनेमाची गाणी भरली.

दोन वर्षांपूर्वी रशीदनं एक बोर्ड मागवला. त्यातल्या चिपची रचना बदलता येते. आपण सांगू तो जुना संगणक ती होते. "आरं, ह्यो लई जोरात पळतोय," तो म्हणाला, "पण पळवायचा न्हाय. अब्बा एका झटक्यात निघून जात्याल. सायकल जुन्याच चालीनं चालली पायजे." मग महिनोन्महिने तो ती चाल जुळवत बसला. घंटी किती वेळ वाजायची, तेसुद्धा त्याला पाठ होतं. दर भेटीत विचारायचा, "कॅसेट घावली का रं?" मी म्हणायचो, "माळ्यावर असेल, बघतो." ती माझ्या टेबलाच्या खणात होती. त्याचा उत्साह मोडवत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मी घाबरलो होतो... निव्वळ भित्रेपणा, दुसरं काही नाही.

चाळिसावा झाल्यावर दुकानात गेलो. वहिनींनी टीव्ही लावला, बोर्ड सुरू झाला. शेजारी टेप जोडून ठेवलेला, झाकण उघडंच. पडद्यावर एकच ओळ होती, टेप चालू करा म्हणून सांगणारी.

"शेवटच्या आठवड्यात म्हणत होते, चाल जमली, आता निस्ती दीपकनं कॅसेट आणायची हाय," वहिनी म्हणाल्या. "आणलीय का, भाऊ?"

कॅसेट खिशात होती. मी नाही म्हणालो.

घरी येऊन खाचेवरची चिकटपट्टी सोलून काढली. आता तिच्यावर कुणालाच काही रेकॉर्ड करता येणार नाही... आत माझी गाणी आहेत.