कोपरा नसलेलं घर

घर बांधताना भांडणं होतात. किस्से व्हायला यर्ट लागतो. एका रविवारी आम्ही तिघांनी तो उभा केला. तेव्हापासून चहाला बसलो की त्यातलं एखादं प्रकरण निघतंच!

यर्ट म्हणजे मेंढपाळांचा गोल तंबू. लाकडी जाळीची भिंत, छताला मधोमध चाकासारखं कडं, वरून जाड कापड. माझ्या बायकोनं, सुनंदानं, फोनवर बघून मागवलेला. “कोपरेच नाहीत. झाडायला किती सोपं!” म्हणून नवा झाडूही आणून ठेवला. खोकं आलं तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. ती गेल्यावर आठ महिने ते तसंच पडून होतं. मी ठरवलं, या रविवारी उभा राहिला तर राहिला. नाहीतर देऊन टाकायचा.

* * *

जागा माझे मित्र भास्करराव यांच्या द्राक्षबागेच्या कडेची. हात आमच्यातल्या तिसऱ्याचे, साळव्यांचे; ते सातपूरच्या कारखान्यात फिटर आहेत. मी माहितीपुस्तक पुढे केलं.

“बत्तीस वर्षं मशिनी जोडतोय. पुस्तक बघून जोडायला मी काय ट्रेनी आहे?”

तासाभरात भिंत उभी! छातीएवढी, गोल, टोकाला टोक घट्ट बांधलेली. दार तेवढं बाहेर गवतावर पडलेलं. आणि आम्ही तिघंही आत.

भास्कररावांच्या मंडळी, कमलवहिनी, चहा घेऊन आल्या. जाळीवरून कप देत म्हणाल्या, “खोक्यावरच्या चित्रात तर दार दिसतंय!”

* * *

दार बसवताना भास्करराव अडले. “ईशान्य कोपरा कुठला? देव कुठे ठेवायचे?”

“गोलाला कसला कोपरा? आधी माणसं बाहेर काढू, देवांचं नंतर बघू!” साळवे म्हणाले.

भास्कररावांनी मोबाइलवर दिशा बघितली आणि जाळीला सुतळी बांधली. “हा कोपरा समजायचा.”

* * *

छताच्या काठ्या बसेपर्यंत मधलं कडं कुणीतरी डोक्यावर धरायचं असतं. उंच म्हणून मी. नेमका मुलीचा फोन आला. भास्कररावांनी तो माझ्या कानाला लावला.

“बाबा, उभा राहिला का?”

“मी उभा आहे. त्याचं अजून ठरायचंय!”

* * *

शेवटी भिंतीभोवती पट्टा आवळायचा. भास्करराव म्हणाले, “द्राक्षाच्या मांडवाच्या तारा ताणण्यात जन्म गेला आपला,” आणि असा ताणला, की दार उघडेना! साळवे पुन्हा आत. यावेळी एकटेच.

* * *

पण संध्याकाळ व्हायच्या आत यर्ट उभा होता. कमलवहिनींनी सुनंदाचा झाडू घेतला, लेबल काढलं आणि आतून गोल फिरत केर काढला. मग दारात थांबल्या.

“भाऊजी, झाडू कुठे ठेवू? कोपरा एकच, तोही देवांचा.”

भास्करराव सुतळीकडे बघायला लागले. सुनंदाला हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

“थांबा,” साळवे म्हणाले. खिशातून चष्मा काढला, खोक्यातलं पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले.