हातमोज्याची धार

आमच्या विभागाच्या पाटीवर 'व्यवसायोपचार व पुनर्वसन' असं लिहिलंय. ती वाचून एकदा एक गृहस्थ कोंबड्यांच्या शेडसाठी सल्ला मागायला आत आले होते. तेव्हापासून मी नव्या माणसाला एका दमात सांगून टाकते, की आजारानं किंवा जखमेनं हातातून सुटलेली रोजची कामं माणसाला पुन्हा करता यावीत, एवढंच आम्ही इथं बघतो. शर्टाचं बटण, जेवणाचा घास, दाढी, सही. कोल्हापुरातलं हे इस्पितळ माजी सैनिकांचं, आणि या विभागाची प्रमुख मी.

माझा स्वभाव हुकमी आहे, हे आधीच कबूल करते. मास्तरांच्या घरात वाढले, त्यामुळे समोरच्यानं सरळ बसावं आणि सांगितलेलं ऐकावं, ही अपेक्षा रक्तातच आली. त्यात नोकरी अशी मिळाली की समोरचा माणूस पंचवीस-तीस वर्षं हुकूम पाळून आलेला. मी 'हात वर' म्हणायचा अवकाश, हॉलमधले सगळे हात वर. दुसऱ्या दवाखान्यांतल्या माझ्या मैत्रिणी पेशंटनी व्यायाम करावा म्हणून हातापाया पडतात. माझ्याकडं 'बास' म्हटल्याशिवाय कुणी थांबत नाही. खरं सांगायचं तर मला याचा थोडा माज चढला होता.

गेल्या वर्षी शिरोळकडचे एक निवृत्त सुभेदार आमच्याकडं यायला लागले. अंगावरून वारं गेलेलं, उजवी बाजू अधू. काठी टेकत चालायचे, उजव्या हाताची मूठ अर्धवट मिटायची. आठवड्यातून तीनदा एसटीनं यायचे, सोबत मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी. मी विचारायचे, "कसं काय, सुभेदारसाहेब?" ते पाठ ताठ करून म्हणायचे, "सब ठीक, मॅडम." खुंट्या भोकांत बसवा म्हटलं की बसवायचे, माती मळा म्हटलं की मळायचे. मूठ मोजायच्या यंत्रावरचा काटा दर पंधरवड्याला थोडा पुढं सरकत होता. मी तक्त्यावर रेघ वर वर नेत होते आणि माझ्या हाताखालच्या मुलींना सांगत होते, "बघा, याला म्हणतात प्रगती."

एके दिवशी मावशी बाकावर बसून पदरानं डोळे पुसताना दिसल्या. काय झालं म्हणून शेजारी बसले, तर त्यांनी दारच्या म्हशीची गोष्ट सांगितली. म्हैस सुभेदारांच्या एकाच हाताला लागलेली. त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. ते आजारी पडल्यापासून मावशी कसंबसं पेलाभर दूध काढत होत्या, रोज लाथा खात होत्या. मुलगा कारखान्यात पाळ्या करणारा, त्यानं अखेर म्हैस विकायचं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक येणार होतं.

"ह्ये काय बोलत न्हाईत," मावशी म्हणाल्या. "पर रोज सकाळी गोठ्यात जाऊन तिच्याजवळ नुसतं हुबं ऱ्हात्यात. परवा म्हणाले, ती गेली की मीबी हितनं उठणार न्हाय बघ. जेवण तर तुटलंयच."

तीन महिने हा माणूस माझ्यासमोर खुंट्या बसवत होता आणि पोटातलं एक अक्षर बोलला नव्हता. मी तरातरा त्यांच्याकडं गेले.

"म्हशीचं मला का नाही सांगितलं?"

"ते घरचं मॅटर हाय, मॅडम."

"धार काढायला जमेल असं वाटतं?"

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. "तुमी म्हणत असशीला तर जमंल."

झालं. माझ्या अंगात संचारलं. दुसऱ्या दिवशी मी एक रबरी हातमोजा घेतला, त्यात पाणी भरलं, तोंड गच्च बांधलं, बोटांच्या टोकांना सुईनं भोकं पाडली आणि तो सलाइनच्या स्टँडला उलटा टांगला. खाली स्टीलचं पातेलं ठेवलं. सुभेदारांना उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून एक प्लास्टिकचं बुटकं स्टूल दिलं. त्यांनी पहिल्यांदा मूठ आवळली आणि पातेल्यात चुरर्र आवाज आला. सगळा हॉल व्यायाम टाकून गोळा झाला.

त्यानंतर आमच्या हॉलमध्ये जो धुमाकूळ माजला, तो काय सांगावा! प्रत्येकाला धार काढून बघायची होती. एका निवृत्त नौसैनिकानं आयुष्यात कधी म्हशीला हात लावला नव्हता. त्यांनी ओढायला सुरुवात केली आणि हातमोजा फोडून सगळं पाणी स्वतःच्याच अंगावर घेतलं. "साहेब, म्हस हाय ती, जहाजाचा दोरखंड न्हवं," असं कुणीतरी म्हणालं आणि कितीतरी दिवसांनी मी सुभेदारांना खळखळून हसताना पाहिलं. रोज दोन-तीन हातमोजे फुटायचे. भांडारातल्या कारकुनानं चिठ्ठी पाठवली, की आपल्या विभागात इतक्या शस्त्रक्रिया कधीपासून होऊ लागल्या?

मी मात्र गंभीर होते. विचार केला, सुभेदारांचा उजवा पाय अधू आहे. म्हशीनं लाथ मारलीच तर तो पाय तिच्या मागच्या पायांपासून लांब असायला हवा. म्हणजे म्हशीच्या उजव्या अंगाला बसणं सुरक्षित. मी कागदावर नीट चित्र काढलं. इकडं म्हैस, इकडं स्टूल, इकडं पातेलं. स्टँडही त्याच बाजूनं लावला. सुभेदारांनी चित्राकडं बराच वेळ बघितलं. मग घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "ठीक हाय, मॅडम."

तीन आठवड्यांत ते अख्खा हातमोजा रिकामा करायला लागले. "आता घरी करून बघा," मी सांगितलं, "पण चित्रात दाखवलंय तसंच."

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा नौसैनिकानं मला खूण केली. सुभेदार लंगडत होते, नेहमीपेक्षा जास्त. "सब ठीक, मॅडम," त्यांनी पाठ ताठ केली. मावशींना राहवलं नाही. "कुटलं ठीक? म्हशीनं स्टूल उडवलं, ह्ये शेणात आडवं पडलं. गुडघा सुजलाय. पोरगं लई तापलं. गिऱ्हाइकाला फोन करून ह्याच रविवारी या म्हणून सांगिटलंय त्यानं."

मी वाकून त्यांचा गुडघा बघितला. "असं कसं झालं? हाताला तर चांगली पकड आलीय!"

"हाताचं काय न्हाय," सुभेदार म्हणाले. "जल्मापासनं तिची धार डाव्या अंगानं काढतोय मी. उजव्या अंगाला गेल्यावर लाथ घालणारच की ती."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग उजवीकडं कशाला बसलात?"

"तुमची ऑर्डर हुती."

मी भडकले. भर हॉलमध्ये भडकले. "ऑर्डर म्हणून काय विहिरीत उडी माराल? एवढं ठाऊक होतं तर तोंड उघडायला काय झालं होतं?"

ते अजिबात चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुमी इचारलं कुटं, मॅडम? इचारलं असतं तर सांगिटलं असतं."

मला रडूच यायला लागलं, आणि रागाचं रडू वेगळं असतं म्हणून मी स्वतःची समजूत घालून बघितली. पण ते रागाचं नव्हतं, शरमेचं होतं. मी कोल्हापूरची. दुधाच्या कट्ट्यावर ग्लास धरून शंभरदा उभी राहिले असेन. समोर म्हशीची धार काढत असायचे आणि माझं सगळं लक्ष ग्लासातल्या फेसाकडं. माणूस कुठल्या बाजूला बसलाय, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. आणि मी या माणसाला चित्र काढून दिलं होतं! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की पडला तो बिचारा शेळ्या राखणारा.

माफी मागणं मला फार जड जातं. घरात तर मी ती मागतच नाही, भाजी चांगली करून वाढते. पण तिथं भाजी नव्हती. "चुकलं माझं, सुभेदारसाहेब," मी म्हणाले. "आता तुम्ही शिकवा. पहिल्यापासून."

त्यांनी आधी मावशींकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग काठी टेकत उठले आणि स्टँड स्वतः उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

त्या आठवड्यात आमच्या हॉलमध्ये त्यांचा वर्ग चालला. मी आणि माझ्या चौघी मुली ओळीनं बसलो. आचळ ओढायचं नसतं, वरून खाली दाबत यायचं असतं, हे मला त्या वयात कळलं. "अंगठा आत घालू नगा, दुकंल तिला." माझा अंगठा नेमका आतच जायचा. "मॅडम, तुमी म्हशीवर चिडलाय काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळे इतके हसले, की शेजारच्या वॉर्डातून सिस्टर बघायला आली. पायाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवून बसायचं. ती लाथ मारायच्या आधी पोट आवळते, ते कपाळाला कळतं, तेवढ्यात सरकायचं. हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलेलं नाही. आमच्या सुतारानं प्लास्टिकच्या स्टुलाऐवजी जाड लाकडी, रुंद बुडाचं स्टूल करून दिलं. अधूनमधून त्यांच्या हातातली शक्ती संपायची आणि बोटं उघडीच राहायची. मग मिनिटभर थांबून पुन्हा मिटायची. हे तेवढं आमच्या दोघांच्याही हातात नव्हतं.

रविवारी उजाडायला मी त्यांच्या घरी पोचले. सुट्टीचा दिवस, पण घरात बसवेना. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मुरमाची वाट, आणि वाटेच्या टोकाला पत्र्याचा गोठा. अंगणात मुलगा मोबाईल हातात घेऊन उभा होता. चेहरा उतरलेला. तो वाईट नव्हता. रात्रपाळी करून येऊन आईच्या पायावरचे लाथेचे वळ बघायचा, दुसरं काय करणार?

"मॅडम, नऊ वाजता म्हस न्यायला पावणं येणार हायती," तो म्हणाला. "तुमी आला, बरं वाटलं. पर आण्णा पुन्यांदा पडलं तर मी सोसणार न्हाय, आधीच सांगतो."

"मीसुद्धा," मी म्हणाले.

मी पूर्ण तयारीनं गेले होते. तक्ता, पेन, पायाखाली अंथरायला रबराची चटई. सुभेदार स्टूल घेऊन गोठ्यात शिरले आणि मी त्यांच्या मागोमाग. म्हैस काळीभोर, डोळे शहाणे. तिनं माझ्याकडं बघून फुस्स केलं आणि एक पाय आपटला.

"मॅडम," सुभेदार मागं न बघता म्हणाले, "तुमी भाईर थांबा."

"पण तुमचा तोल गेला तर जवळ कुणीतरी..."

"नव्या माणसाम्होरं ती पान्हा सोडत न्हाय. जावा. चटईबी न्या."

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी चटई गुंडाळली आणि मुकाट बाहेर आले. मावशींनी दार लोटून घेतलं. मग आम्ही तिघं पत्र्याला लागून उभे राहिलो, मी, मावशी आणि मुलगा. आतलं काही दिसत नव्हतं. माझ्या तक्त्यावर लिहिण्यासारखं काहीच नव्हतं.

आत ते म्हशीशी काहीतरी पुटपुटत होते. वाऱ्यानं जीभही थोडी जड झालेली, शब्द नीट लागत नव्हते. मग पत्र्याच्या चरवीत पहिली धार वाजली. टण्ण. मग दुसरी. आवाज खणखणीत होता, रिकाम्या भांड्यातला. हळूहळू तो भरीव व्हायला लागला, आणि मावशींचे ओठ हलायला लागले. त्या मोजत नव्हत्या, देवाचं नाव घेत होत्या.

आणि मध्येच सगळं थांबलं.

मला माहीत होतं काय झालंय. बोटं उघडी राहिली असणार. मुलगा दाराकडं झेपावला, मीही एक पाऊल पुढं टाकलं. मावशींनी आमच्या दोघांचीही मनगटं धरली. किडकिडीत बाई, पण पकड अशी, की माझ्या यंत्राचा काटा शेवटाला गेला असता. "थांबा जरा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "त्यास्नी घाई करू नगा." आत म्हशीच्या श्वासाचा आवाज येत होता. पाय आपटल्याचा आवाज आला नाही. मी आयुष्यात इतकी गप्प कधी उभी राहिले नसेन.

मग पुन्हा धार वाजली. संथ, एकसारखी, फेसात बुडालेली.

मुलानं मोबाईल कानाला लावला. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला. "पावणं, निघाला न्हाईसा न्हवं? निघू नगासा. म्हस द्यायची न्हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं गोठ्याच्या बंद दाराकडं बघितलं आणि तोंड उसाकडं फिरवलं. "कारण काय न्हाय," तो म्हणाला, "आण्णा धार काढाय बसल्यात."