एका सुनेचे बारा साक्षीदार

लल्ला रकिया ओल्या पिठाचा गोळा उलट्या ठेवलेल्या तांब्याच्या परातीवर टेकवते आणि उचलते, टेकवते आणि उचलते. परातीखाली निखारे असतात. गोळा उचलला की मागे पिठाचा पातळ ठसा राहतो. ठशाला ठसा जुळत गेला की गोल पापुद्रा होतो आणि लल्ला तो नखाने कड धरून सोलून घेते. याला वरका म्हणतात. मोरोक्कोतल्या सले शहराच्या जुन्या भागात लग्न असो की बारसं, पंगतीत बस्तीला हा सारण भरलेला पदार्थ लागतोच, आणि त्याचे पापुद्रे बहुतेक वेळा लल्लाच्या घरून जातात. नवरा गेला तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा जवाद शाळेत होता. तेव्हापासून घर या परातीवर चाललं.

जवाद आता पस्तिशीचा आहे आणि फ्रीज दुरुस्त करतो. त्याने अमेरिकन बाईशी लग्न केलं तेव्हा गल्लीत सगळे म्हणाले की बाईने त्याला गटवला. खरी गोष्ट उलटी आहे. हायडी लिंडक्विस्ट ही मिनेसोटाची मुलगी लल्लाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली. ती नदीपलीकडे रबातमध्ये श्रीमंतांच्या मुलांना घरी जाऊन इंग्रजी शिकवायची. भाडं वेळेवर द्यायची, भांडी स्वतः घासायची आणि लल्लाच्या शेजारी बसून हात भाजून घेत वरका शिकायची. लल्लाने महिनाभर हे पाहिलं आणि मग वरच्या खोलीतला नळ बिघडायला लागला.

"यम्मा, मी फ्रीजवाला आहे. नळातलं मला काही कळत नाही," जवाद म्हणायचा.

"मग शीक. ती बिचारी पाण्याशिवाय बसलीय."

नळ सहा महिने बिघडत राहिला. निकाह झाला आणि नळ कायमचा दुरुस्त झाला.

निकाहानंतर लोकांनी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. जवाद आता कधी जाणार?

"कुठे?" लल्ला विचारायची.

"अगं, अमेरिकेला. बायको तिकडची आहे."

"का? इथले फ्रीज बिघडायचे थांबले का?"

लोक तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहायचे. निम्मी गल्ली समुद्रापलीकडे जायला टपलेली, आणि हिच्या मुलाच्या घरात अमेरिकन पासपोर्ट चालत आला तर ही त्याला परातीला बांधून ठेवतेय. हायडीच्या आईचंही मत गल्लीसारखंच होतं. जावयाला तिकडे आणण्याचे अर्ज तिने आठवणीने पाठवले होते, आणि ते अर्धवट भरून हायडीच्या टेबलावर पडले होते. हायडीला सले आवडायचं, जवादला दोन्हीकडे चाललं असतं. हायडीला इथे राहता आलं नाही तर जवाद तिच्याबरोबर जाणार, हे मात्र लल्लाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पाहुण्यांना तीन महिनेच राहता येतं म्हणून हायडी आजवर दर तीन महिन्यांनी सेउताची सीमा ओलांडून स्पेनच्या हद्दीत पाय ठेवायची आणि परत यायची. निकाहामुळे आता ही यातायात संपणार होती. मोरोक्कन माणसाची बायको म्हणून तिला राहण्याचं कार्ड मिळणार होतं. कागद सगळे तयार होते. पण त्याआधी हायडीने एक गंमत करायची ठरवली.

शुक्रवारी कुसकुस खाऊन झाल्यावर तिने नवा कोरा पासपोर्ट लल्लापुढे ठेवला. त्यावर नाव होतं हायडी लम्रीनी, जवादच्या आडनावाचं. तिच्या आजीने लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलं होतं, आईनेही लावलं होतं. सासूला आनंद होईल असं तिला वाटलं.

लल्लाने जवादकडून नाव वाचून घेतलं. मग हळूच विचारलं, "बिंती, पोरी, तुझे वडील गेले का?"

"नाही, लल्ला. चांगले आहेत. आज मासे धरायला गेलेत."

"मग त्यांनी तुला घराबाहेर काढलं का?"

"नाही तर."

"मग माणसाचं नाव का टाकून दिलंस? माझ्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. माझ्या कागदांवर आजही माझ्या बापाचं नाव आहे. मी काय नवऱ्याच्या बापाची मुलगी आहे?"

हायडीने समजावलं. लल्लाने ऐकून घेतलं आणि शेवटी तिच्या वडिलांना फोन लावायला सांगितलं. पलीकडून ते गृहस्थ मोठ्याने हसले आणि अभिनंदन म्हणाले. जवादने त्याचा अर्थ सांगितला.

"हसतोय बिचारा," फोन ठेवल्यावर लल्ला म्हणाली. "पुरुष असेच दुःख लपवतात."

हे घरातलं झालं. खरी अडचण परदेशी लोकांची नोंद करणाऱ्या कचेरीत निघाली. खिडकीमागच्या कारकुनाने निकाहाचा कागद डावीकडे ठेवला, पासपोर्ट उजवीकडे ठेवला आणि जवादकडे पाहिलं.

"निकाह कुणाशी झालाय?"

"हिच्याशी, सीदी."

"निकाह झालाय लिंडक्विस्टबाईंशी. ही लम्रीनी आहे. तुमची चुलतबहीण का?"

"बायको आहे. तीच ती."

"पहिली कुठे आहे?"

"पहिली हीच आहे."

"दुसरी करायची तर कोर्टाची परवानगी लागते, पहिलीची संमती लागते. ते कागद कुठे आहेत?"

हायडीने जुना पासपोर्ट पुढे केला. नवा देताना त्याला भोकं पाडून रद्द केलेलं होतं. कारकुनाने भोकातून बोट घालून पाहिलं.

"हा मेलेला आहे. मेलेल्याची साक्ष मी घेत नाही." त्याने नवा पासपोर्ट चाळला. पानं कोरी होती. "आणि ही जिवंत आहे, पण ही देशात आलेलीच नाही. शिक्का कुठाय? म्हणजे जी आली तिचा पत्ता नाही, आणि जी समोर बसलीय ती आलेली नाही."

माणूस दुष्ट नव्हता. त्याने अर्ज फाडला नाही, बाजूला ठेवला. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा पक्का कागद आणा, म्हणाला, आणि लवकर आणा. अशी अर्धवट अवस्था फार दिवस चालणार नाही. शिक्का नसल्यामुळे आता सेउतालाही जाऊन येता येणार नव्हतं.

त्या संध्याकाळी हायडीने टेबलावरचे अमेरिकेचे अर्ज पुढे ओढले. निदान भरून ठेवते, म्हणाली. लल्लाने जिन्यातून ते पाहिलं, डोक्याला रुमाल बांधला आणि थेट सी तिहामींकडे गेली.

सी तिहामी हे अदूल. निकाह, वारसा, घराची खरेदी, सगळं लिहिणारे. जवादचा निकाहही त्यांनीच लिहिला होता. त्यांनी उपाय सांगितला तो जुनाच आहे. बारा माणसांनी येऊन शपथेवर सांगायचं की आम्ही ही गोष्ट जाणतो. मग ते लिहायचं, न्यायाधीशांचा शिक्का घ्यायचा.

"बारा बायका आणते," लल्ला म्हणाली. "हमाममध्ये तिची पाठ घासलेल्या बायका आहेत. तिच्या खांद्यावरचा तीळ सांगतील."

"तीळ नको, लल्ला. आणि माझ्याकडे अशा कामात पुरुष लागतात."

"पुरुषांना तिच्याबद्दल काय माहीत?"

"ते तुम्ही बघा. बारा आणा."

बारा पुरुष मिळवायला लल्लाला अर्धा दिवस लागला. ज्यांच्या घरच्या लग्नात तिचा वरका गेला नाही असा माणूस त्या भागात सापडणं कठीण. गुरुवारी सकाळी सगळे धुतलेला जेलाबा, म्हणजे पायघोळ झगा, घालून सी तिहामींकडे आले. गल्लीतला भट्टीवाला सी अल्लाल, शिंपी बेनआशिर, म्हातारे हाज मेक्की, आणि बाकीचे. लल्ला चार बायकांना घेऊन बाहेर ओट्यावर बसली. दार उघडंच होतं. हायडी आत एका खुर्चीवर आणि जवाद कोपऱ्यात उभा.

सी तिहामींनी आधी अल्लालला पुढे बोलावलं. "या बाईंना ओळखता?"

"ओळखतो. जवादची बायको."

"जिचा निकाह मी लिहिला ती हीच?"

अल्लाल घसा खाकरून म्हणाला, "फकीह, मी परक्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघत नाही."

"मग ओळखता कसं?"

"पावावरून. गल्लीतल्या प्रत्येक घराचा पाव मी भाजतो. हिचा एका बाजूला चढलेला असतो. लग्नाआधी तसाच होता, अजून तसाच आहे."

"पावाची साक्ष मला लिहिता येणार नाही. बाजूला बसा. बेनआशिर?"

शिंपी पुढे आला. "मीही नजर खाली ठेवतो, फकीह. बूट ओळखीचे आहेत."

तिसऱ्याने आवाज ओळखतो म्हणून सांगितलं. चौथा म्हणाला, ती समोरून आली की मी भिंतीकडे तोंड करतो. पाचव्याने चौथ्यापेक्षा जास्त सभ्यता दाखवली आणि सांगितलं की ती येताना दिसली तर तो दुसऱ्या गल्लीने जातो. ऐकणारा प्रत्येक जण मान डोलावत होता. नवरा कोपऱ्यात उभा असताना दुसरं काय बोलणार.

सी तिहामींनी पेन खाली ठेवलं. "बाराजण आलात आणि बाई कुणीच पाहिलेली नाही. मी काय लिहू? सलेमध्ये बारा संत राहतात, असं लिहू?"

बाहेर कुणीतरी बाई फिसकन हसली. लल्ला उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"अल्लाल."

"लल्ला, तुम्ही बाहेर बसा, इथे..."

"माझ्या खिडकीखाली तुझ्या डोक्यावर बादली कुणी ओतली होती?"

"तुम्हीच ओतलीत. विनाकारण. मी उभा होतो फक्त."

"मी बादली फक्त बघणाऱ्यावर ओतते. उभ्या राहणाऱ्यावर ओतली असती तर सगळी गल्ली भिजली असती. तू वर बघत होतास. हो की नाही?"

अल्लालने जवादकडे पाहिलं. जवाद जमिनीकडे पाहत होता. त्या खोलीत नजर खाली ठेवलेला तो एकटाच पुरुष होता.

"बोल रे," लल्ला म्हणाली. "तू गप्प बसलास तर उद्या माझा मुलगा मिनेसोटाला जाईल आणि तुझ्या घरचा फ्रीज कोण दुरुस्त करतो ते मी बघते."

"पाहिलं होतं," अल्लाल म्हणाला. "पहिल्यांदा पावाची फळी घेऊन आली आणि फळी पडली, तेव्हा पाहिलं. पाव उचलून देताना. मग... अधूनमधून."

"निकाहाआधी?" सी तिहामींनी विचारलं.

"आधी. आणि नंतरही. तीच आहे, फकीह. माफ कर जवाद."

"लिहा," लल्ला सी तिहामींना म्हणाली. "बेनआशिर, तू."

"मी कफ्तान कसा बसलाय ते पाहत होतो, लल्ला. लग्नाचा मीच शिवला होता."

"आणि तोंड?"

"तोंड कफ्तानाच्या वरच असतं. दिसलं."

एकदा बांध फुटल्यावर फारसा वेळ लागला नाही. भिंतीकडे तोंड करणाऱ्याने मान्य केलं की भिंतीत एका दुकानाची काच आहे. दुसऱ्या गल्लीने जाणारा म्हणाला, आधी नीट ओळखल्याशिवाय गल्ली बदलणार कशी? हाज मेक्कींना विचारावंच लागलं नाही.

"मी रोज पाहतो," ते म्हणाले. "या वयात मला कोण काय म्हणणार."

"हाज, तुम्हाला दिसतं का पण?" सी तिहामींनी विचारलं.

"केस दिसतात. लाल. बाकीचं मी धरून चालतो."

सी तिहामींनी लाल केस लिहिले. हायडीला दारिजा, म्हणजे इथली बोली अरबी, चांगली येते, त्यामुळे तिला यातलं सगळंच कळत होतं. ओढणीचं टोक तोंडावर धरून ती हसत होती आणि साक्षीदारांना वाटत होतं की ती लाजतेय. बाराही जणांनी सह्या केल्या. बाहेर बायकांनी आपापल्या नवऱ्यांची सही किती तत्परतेने झाली ते नीट पाहून ठेवलं.

शिक्का मारलेला कागद घेऊन जवाद आणि हायडी पुन्हा खिडकीपाशी गेले. कारकुनाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"बाराही जणांनी तोंड पाहिलंय?"

"पाहिलंय, सीदी."

"आणि तुम्हाला चालतं?"

"कार्ड मिळणार असेल तर चालतं," जवाद म्हणाला.

कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. कार्ड यायला बराच वेळ गेला, पण आलं. हायडीने आईला फोन केला आणि आम्ही इथेच राहतोय म्हणून सांगितलं. आई थोडी रडली, मग उन्हाळ्यात येते म्हणाली आणि तिथे थंड पाणी मिळतं का ते विचारलं. अमेरिकेचे अर्ज हायडीने खणात टाकले. लल्लाला खूश करायला ती म्हणाली, पाहिजे तर मी वडिलांचं नाव परत लावते.

"आता हात लावू नकोस," लल्ला म्हणाली. "तुझ्या बापाची मी क्षमा मागेन, पण पुन्हा बारा पुरुष गोळा करणार नाही."

लल्लाला वाचता येत नसलं तरी आकडे कळतात. कार्ड उलटसुलट करताना तिला मुदत दिसली. वर्षभराची होती. पहिलं कार्ड तसंच देतात, मग नवं करून घ्यायचं, असं जवादने सांगितलं. तिने परातीखालचे निखारे सारखे केले, पाव भाजायला फळी घेतली आणि स्वतःच भट्टीवर गेली.

त्या साक्षीनंतर गल्लीतले पुरुष हायडी दिसली की पूर्वीपेक्षा जास्त कसोशीने मान खाली घालायला लागले होते. बायकांनी घरोघरी त्याची व्यवस्था केली होती. अल्लाल तर तिची फळी हातात घेताना डोळे मिटायचा, आणि त्या आठवड्यात दोनदा बोटं भाजली होती.

"अल्लाल," लल्ला फळी ठेवत म्हणाली, "कार्ड वर्षाचंच आहे. पुढच्या वर्षी विचारलं तर पंचाईत व्हायला नको. तिच्याकडे मधूनमधून बघत जा."

अल्लालने भट्टीतून फावडं बाहेर काढलं. "किती बघू, लल्ला?"

"साक्षीपुरतं," ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा जास्त बघितलंस तर बादली आहेच."