पिंपात ढवळलेली मतं

संतपूरजवळच्या आमच्या गावात मतदानाचं नवं यंत्र दाखवायला तहसीलदार साहेबांनी मलाच पाठवलं. मी शाळामास्तर, त्यात त्याच गावच्या बौद्ध गल्लीतला. आपल्या माणसाचं लोक ऐकतील, असा साहेबांचा हिशोब. मला मात्र जायचं नव्हतं.

कारण गावच्या मालकांचा भाऊ निवडणुकीला उभा राहणार होता आणि गल्लीतल्या बायकांना काम मिळायचं ते मालकांच्याच रानात. दर वेळी “देतो की मालक” म्हणायचं आणि मत हवं तिथं टाकायचं, असं आमचं चाललं होतं. ते चालायचं एका पिंपामुळं. मोजणीआधी बऱ्याच गावांच्या मतपत्रिका एका मोठ्या पिंपात ओतून ढवळत. मी मोजणीला बसलेला माणूस. कुठल्या गावानं कुणाला दिलं ते मग कुणाच्या बापाला कळत नाही, हे आईला मीच सांगितलेलं. तिनं ते साऱ्या गल्लीला सांगितलं.

शाळेत टेबलावर यंत्र मांडलं. समोर आई आणि गल्लीतल्या बायका, दारात खुर्ची टाकून मालक. मी बटण दाबलं, दिवा लागला, यंत्र पीं करून वाजलं. बायका हसल्या. मलाही चेव आला. एका माणसाला दोनदा मत देता येत नाही, मत बाद होत नाही, मोजणी घटकाभरात, असं मी सांगत सुटलो.

“मास्तर,” मालक म्हणाले, “ह्या गावची मतं ह्याच पेटीत राहत्यात न्हवं?”

“व्हय, मालक.”

“मग गावाचा आकडा येगळा कळंल की.”

खोटं बोलावं तर तालुक्याचा कारकून शेजारी उभा. खरं बोलावं तर समोर आई. खोलीला दार एकच, त्यात मालक बसलेले.

“कळंल,” मी म्हणालो.

“मशीन लई ब्येस हाय,” म्हणत मालक उठून गेले. मला यंत्र बनवणाऱ्या शहाण्यांचा भयंकर राग आला. चोर बाहेर ठेवायची एवढी काळजी घेतली, पण आमची गल्ली उघडी पडेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही!

निवडणूक आली, यंत्र काही आलं नाही. पुन्हा कागद, शिक्का आणि पिंपच. त्या खेपेला माझी ड्युटी नव्हती. आदल्या दिवशी मी घाईघाईनं आईला गाठलं. “आई, भ्यायचं काम न्हाई. औंदा बी पिंपातच ढवळणार हायत.”

“आदी एक सांगितलास, शाळेत एक सांगितलास, आता आनिक एक सांगायलास,” ती म्हणाली. “आमी समद्या मालकाच्या भावालाच देणार. तू बी तितंच दे, बाबा. एक जरी कमी पडलं, तर मालक पयल्यांदा मलाच इचारंल.”

सकाळी पडद्याआड मी तिथंच शिक्का मारला. बघायला कुणीही नव्हतं.